सहीची धास्ती सोडा, 14 डिसेंबर सांभाळा

डिचोलीच्या एक ताई लिहितात: मुलगा ग्रांडे बेटाजवळ स्कूबाला गेला. सर्दी आहे म्हणून सांगितले, तरी त्याला पाण्यात उतरवले. वर आला तो कानातून रक्त. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पडदा फाटल्याचे निघाले आणि अजून त्या कानाने त्याला नीट ऐकू येत नाही. 'स्वतःच्या जबाबदारीवर' या फॉर्मवर सही असल्याने कंपनी हात वर करते. 'टायटन' पाणबुडीतल्या लोकांनीही अशीच सही केली होती, मग आमचे काय चालणार, असे त्या विचारतात.

पॅरासेलिंग, जेटस्की, स्कूबा, प्रश्न कशाचाही असो, लोक त्या सहीपाशीच अडतात. ताई, 'टायटन' 18 जून 2023 ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना पाचही जणांसह फुटली. कार्बन फायबरच्या त्या यानाला जहाजांची सुरक्षितता तपासणाऱ्या कुठल्याही वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र नव्हते. करारात मृत्यूचा उल्लेख पुन्हा पुन्हा होता. तरी त्या पाचांपैकी एक, पॉल-आंरी नार्जोले, यांच्या वारसांनी ऑगस्ट 2024 मध्ये घोर निष्काळजीपणाचा आरोप करत 5 कोटी डॉलरचा दावा लावलाच. अमेरिकेतला कायदा वेगळा, त्यावरून आपला निकाल सांगता येणार नाही. पण ते चौदा महिन्यांत कोर्टात पोचले, हे बघा. तुम्ही तेवढा वेळ फोन करण्यात घालवलात.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चे कलम 69 म्हणते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करा. तुमचा अपघात 14 डिसेंबरचा. येत्या 14 डिसेंबरला दोन वर्षे भरतात. कंपनीच्या माणसाने मोबाईलवर 'इन्शुरन्सवाल्यांशी बोलतो' असे दहादा लिहिले म्हणून मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवली म्हणूनही वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण लागते, आणि 'ते देतो म्हणत होते' हे कारण टिकेल याची हमी मी देणार नाही. जखमी मुलाच्या आईला हे कठोर वाटेल, पण दोन वर्षांनंतर आलेल्या चांगल्या तक्रारी या एका कलमावर परत जातात.

तक्रार मुलाच्या नावे करा. तो सज्ञान आहे, प्रतिज्ञापत्रही त्याचेच लागेल. तुम्ही राहता तो जिल्हा चालतो, म्हणून पर्वरीचा उत्तर गोवा आयोग. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि बुकिंगची रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. कंपनी, बोटमालक आणि बुकिंग घेणारा एजंट, तिघांनाही प्रतिवादी करा.

मागणी सेवेतील त्रुटीची ठेवा. 'तो फॉर्म रद्द करा' असे लिहू नका. अनुचित करार रद्द करण्याचा अधिकार राज्य आयोगाकडे आहे, जिल्ह्याकडे नाही, आणि त्या वादात तुमचे महिने जातील. फॉर्मवरचे आरोग्याचे प्रश्न इन्स्ट्रक्टरने स्वतःच 'नाही' अशी खूण करून भरले, असे तुम्ही लिहिता. मला सर्वांत मोलाचे हे वाटते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो; सर्दीने कानाची वाट बंद असेल तर तो दाब पडद्यावर येतो. हे त्याला ठाऊक असायलाच हवे होते. मुलाने पत्करला तो समुद्राचा धोका, इन्स्ट्रक्टरच्या हलगर्जीचा नव्हे. फॉर्मची प्रत तुम्ही तेव्हा मागितली नाही, हे चुकलेच. आता आयोगामार्फत मागवा.

भरपाई किती मिळेल ते केसपेपर आणि ऑडिओमेट्रीवर (ऐकण्याच्या तपासणीवर) ठरेल. निकालाची कायद्यातली मुदत तीन महिने आहे, ती पाळली जाईल असे धरून चालू नका. बंदर कप्तान खात्याकडे त्या बोटीच्या परवान्याबाबत माहिती अधिकारात अर्ज या आठवड्यात करा, पण उत्तराची वाट बघत तक्रार अडवू नका. ते नंतरही जोडता येते.