"सगळे पुढे गेले मॅडम, मीच थांबलोय"

मी समुपदेशन करते आणि हे वाक्य माझ्याकडे इतक्या वेळा येतं की आता समोरचा खुर्चीत टेकायच्या आधीच कळतं. पुण्यातल्या नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड इकडची एमपीएससी करणारी पोरं-पोरी, कुणी पाच वर्षं झाली, कुणी आठ. वर्गमित्रांची लग्नं झाली, त्यांची मुलं शाळेत जायला लागली, गावाकडच्याने ट्रॅक्टर घेतला आणि आपण अजून कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरते. म्हणून एकाबद्दल लिहिते. त्याला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय एकतीस, मराठवाड्यातला. आला तो झोप लागत नाही म्हणून. सकाळी सातला बेसमेंटमधली अभ्यासिका, रात्री अकराला रूम, मधे मेस आणि चहा, बस. बोलता बोलता मी सहज विचारलं, आज वार कोणता?

"वाराचं काय मॅडम, संध्याकाळची मेस बंद असली की रविवार."

"आणि वर्ष?"

"वर्ष अटेम्प्टवर मोजतो. आणि लक्ष्मी रोडवरून ढोल ऐकू आले की कळतं, अजून एक गणपती गेला."

हसत सांगत होता, पण मला ते हसू काही आवडलं नाही.

2021 च्या मार्चमध्ये 14 तारखेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती, आठवत असेल. हा पण त्यात होता. पेपर शेवटी 21 ला झाला, म्हणजे एकाच आठवड्याचा फरक, पण आपली तारीख आपल्या हातात नसते हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. त्यात वयाची मर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43, म्हणजे दार लवकर बंदही होत नाही. मग माणूस उंबऱ्यावरच राहतो, ना आत ना बाहेर.

अशांना मी मिशेल सिफ्रची गोष्ट सांगते. तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ, 1962 मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय जवळपास दोन महिने एकटा राहिला. बाहेर काढलं तेव्हा तारीख होती 14 सप्टेंबर आणि त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट.

"मग पंचवीस दिवस गेले कुठे त्याचे?"

"जगला की तो ते. मोजायला काही नव्हतं एवढंच."

तो गप्प झाला, मग म्हणाला, "माझी सात वर्षं पण तशीच गेली म्हणा."

पण खरी गाठ सुटली ती दातावरून. प्रत्येक वेळी बोलताना त्याचा डावा हात गालाला. शेवटी मी म्हटलं, अरे दात दुखतोय का तुझा?

"हो, दाढ आहे. निकाल लागला की दाखवतो."

"कुठला निकाल?"

तो सांगायला गेला आणि थांबला. त्या वर्षी त्याने नुसता फॉर्म भरला होता, पेपर झालेलाच नव्हता. कुठलाच निकाल बाकी नव्हता. आधी तो मोठ्यांदा हसला आणि मग जो रडायला लागला तो थांबेना. मी काही बोलले नाही, अशा वेळी बोलायचं नसतं हे इतक्या वर्षांत मला चांगलं जमतं. थोड्या वेळाने त्यानेच एकेक काढलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, बहिणीचं बाळ अजून पाहिलेलं नाही, आबांचे गुडघे दाखवायचेत, सगळं निकालानंतर.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे आपणच स्वतःवर लादलेले हट्टी नियम तपासून बघायचे. ती इकडे आणणाऱ्या कि. मो. फडक्यांमुळे मराठी माणसाला ती नवी नाही. त्यामुळे "काही उशीर झालेला नाही रे" असलं खोटं सांत्वन मी करत नाही. बर्निस न्यूगार्टन नावाच्या शिकागोच्या अभ्यासक बाईंनी 1960 च्या दशकातच लिहून ठेवलंय की समाजाचं पण एक घड्याळ असतं, नोकरी कधी, लग्न कधी, मूल कधी. त्या घड्याळाने त्याला उशीर झालाच आहे आणि त्याचं दुःख होणारच, होऊ दे. पण उशीर झालाय म्हणून दाढसुद्धा दाखवायची नाही, हा नियम काही आयोगाने केलेला नाही, तो त्याचा त्यानेच केलाय, आणि आपण केलेला नियम आपल्याला मोडता येतो.

मग आधी दाढ. रूट कॅनालला तीन वेळा जावं लागलं आणि प्रत्येक वेळेनंतर तो मला असं सांगायचा जसं काही मेन्सचे पेपर देतोय, आज हा झाला, आता दोन राहिले. ज्या गोष्टीला सुरुवात आणि शेवट आहे आणि निकाल दुसऱ्या कुणाच्या हातात नाही अशी एक तरी गोष्ट आठवड्यात हवी, हे मी आता सगळ्यांनाच सांगते. दुसरं म्हणजे सकाळचा उजेड. मेंदूतलं घड्याळ रोज उजेडावर जुळतं आणि बेसमेंटच्या ट्यूबलाइटने ते काम होत नाही, तेव्हा अभ्यासिकेच्या आधी पर्वती चढून या, तळजाईला जा, काहीही करा पण अर्धा तास बाहेर. त्याची झोप यानेच बरीचशी सुधारली, माझ्या बोलण्याने कमी.

आईवडलांनो, फोनवर "निकाल कधी" हे पहिलं विचारू नका. दाढ कशी आहे विचारा. आणि जेवण सुटलंय, झोप पार गेलीये, "मी नसलेलंच बरं" असं बोलणं येतंय तर माझ्यासारखीकडे नंतर या, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा 14416 वर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलतात.

तो अजून परीक्षा देतोय. आबांनी मला फोन करून विचारलं, परत बोलावू का त्याला? मी म्हटलं ते तुम्ही दोघं ठरवा, दिवाळीला तो घरी येतोय, पाच दिवस राहणार आहे, तेव्हा बसा.