नंबर नव्हे, नजर: पत्रकारितेतून पीआरकडे जाताना

पत्रकारिता सोडून पीआरमध्ये (जनसंपर्काच्या कामात) जाऊ पाहणारे बहुतेक जण माझ्याकडे सल्ल्याला येतात ते एकच धास्ती घेऊन: लोक म्हणतील, विकला गेला. चाळिशीला टेकलेल्या या बाईही त्यातल्याच (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). मराठी दैनिकात वर्षानुवर्षं महापालिकेचं बीट (म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी), रात्री शेवटच्या लोकलनं डोंबिवली, पगारवाढीचं नाव नाही आणि मुलगी दहावीत. एका पीआर एजन्सीची ऑफर हातात होती, पगार जवळपास दीडपट.

"विकण्यासारखं तुमच्याकडे आहे तरी काय?" मी विचारलं.

"फोनमधले नंबर, मॅडम."

एजन्सीनंही मुलाखतीत तेच चाचपलं होतं: संपादकांशी संबंध कसे आहेत, बातमी लावून घ्याल ना? मला खटकलं ते हे. ओळखीवर मिळालेली नोकरी ओळखी आटेपर्यंतच टिकते. वार्ताहरांची बीटं बदलतात, डेस्कवरची माणसं जातात.

मी त्यांच्यापुढे एका कंपनीची प्रेसनोट ठेवली. सवयीनं पेन निघालं. 'जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे'वर काट. अध्यक्षांचं भाषण तळाला. चौथ्या परिच्छेदात दडलेली बातमी उचलून इंट्रोत, म्हणजे सुरुवातीलाच. वर शेरा: 'सिंगल कॉलम. पत्रकार परिषद कशाला?' म्हणजे बातमी छोटी, गाजावाजा नको. हे क्लायंटला तोंडावर सांगू शकणारं माणूस एजन्सीला सहज मिळत नाही.

मग एजन्सीला विचारायचे प्रश्न काढले. ज्या बिल्डरांच्या बातम्या केल्या, त्यांचं काम निदान वर्षभर मला नको, चालेल? खोटी माहिती पाठवायला नकार देता येईल? काम मोजणार कशानं? (छापून आलेली जागा जाहिरातीच्या दरानं मोजणं बार्सिलोना तत्त्वांनी, म्हणजे पीआरचं काम मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी, २०१० मध्येच नाकारलं, क्लायंट अजून तोच आकडा मागतात.) बिल्डरच्या प्रश्नावर एजन्सीनं आढेवेढे घेतले, तेव्हा बाईंनीच ऑफर सोडली.

पुढे त्या एका खासगी रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात लागल्या. पगार त्या ऑफरहून कमी, दैनिकातल्यापेक्षा बरा. टोमणे चुकले नाहीत. एका जुन्या सहकाऱ्यानं तर फोन उचलणंच बंद केलं. त्यावर माझ्याकडे उतारा नाही. अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकारांना मिळणारं सरकारी ओळखपत्र) मात्र त्यांनी कोणी मागायच्या आत जमा केली. एसटीची सवलत गेली म्हणून सासूबाईच जास्त हळहळल्या म्हणे.