गुडघेदुखी असलेल्या आईला चार दिवसांत रोम दाखवता येईल का?

येईल. जरूर घेऊन जा. तुम्ही लिहिलंय की आई ६७ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, शाकाहारी आहेत आणि हातात चारच दिवस आहेत. मी माझ्या आईला एप्रिलमध्ये नेलं तेव्हा ती सत्तरीची होती आणि गुडघ्यांचं दुखणं हेच.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. तिकीट एकच असतं म्हणून मी पहिल्याच दिवशी कलोसियम, रोमन फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी तिन्ही करायला निघाले. कलोसियममध्ये लिफ्ट आहे, तिथे काही अडलं नाही. पण फोरममधले जुन्या रस्त्यांचे काळे दगड उंचसखल आहेत, झिजून गुळगुळीत झालेत, आणि सावली फारशी नाही. आई काही बोलली नाही. रात्री बघते तर उजवा गुडघा टम्म सुजलेला. दुसरा अख्खा दिवस बर्फ लावण्यात गेला, आणि मला फार वाईट वाटलं, कारण तिने एकदा जरी "बसू या" म्हटलं असतं तरी मी थांबले असते. आया म्हणत नाहीत. तुम्हीच दर अर्ध्या तासाने बसवा.

फोरम वरूनच दाखवा. कांपिदोल्यो टेकडीवरच्या चौकाच्या मागच्या बाजूला गेलं की तो सगळा खाली पसरलेला दिसतो, पैसेही पडत नाहीत. वर जायला मायकेलअँजेलोने आखलेला रुंद, संथ चढ आहे. (शेजारचा उभा जिना चर्चचा, तिकडे वळू नका.) स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्यावर बसायला मनाई आहे, दमल्यावर टेकू म्हणाल तर दंड होतो. व्हॅटिकन संग्रहालयात चालणं खूप आहे, पण तिथे व्हीलचेअर मोफत मिळते. आई आधी "मी काय आजारी आहे का" म्हणून बसेना. "फक्त सिस्टिन चॅपेलपर्यंत" म्हणून बसवलं. चॅपेलमध्ये मान वर करून निवांत छतावरची चित्रं बघायला तिला ती खुर्चीच बरी पडली.

राहायला मात्र पँथिऑन (जुनं रोमन मंदिर) किंवा नावोना चौकाच्या आसपासच बघा. खोली लहान आणि महाग मिळेल, पण दुपारी परत येऊन आडवं होता येतं, आणि ती दोन तासांची झोपच पुढची संध्याकाळ देते.

पँथिऑनला २०२३ पासून तिकीट लागतं, सुरुवातीला ते ५ युरो होतं. आत बाक आहेत, आणि आम्ही तिथे तासभर बसलो. घुमट ४३ मीटर रुंद, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि बरोबर मध्ये सुमारे ९ मीटरचं उघडं भोक. त्यातून पाऊस सरळ आत पडतो. आम्ही असताना पाचेक मिनिटांची सर आली. आईने आधी वर पाहिलं नाही, खाली पाहिलं: "पाणी जातं कुठे गं?" फरशी मधोमध किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. ती उठून ती भोकं बघून आली. जवळजवळ १९०० वर्षं झाली या व्यवस्थेला.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर नाझोने म्हणतात ते लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून धार उडते, म्हणजे वाकावं लागत नाही. आई दिसेल त्या नळावर थांबायची.

खाण्याचं म्हणाल तर पिझ्झा मारिनारात चीज नसतं. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे दिसतात छान, पण आत बऱ्याचदा मटणाबिटणाचा रस्सा असतो, विचारूनच घ्या. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) विरजतात, आई कडक शाकाहारी असतील तर काचो ए पेपे हा पेकोरिनो-मिऱ्यांचा पास्ता टाळा. कांपो दे फियोरीच्या सकाळच्या बाजारात एक बाई आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी) सोलून लिंबाच्या पाण्यात टाकत होती. आई म्हणाली, "आपण वांगी टाकतो तशीच, काळी पडू नयेत म्हणून." आणि तिच्याशी मराठीत बोलायला लागली. बाई इटालियनमध्ये उत्तरं देत होती. दहा मिनिटं चाललं होतं.

स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. सार्वजनिक कमी आहेत. कुठल्याही बारमध्ये (तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि आत जायचं. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जुनं दुखणं त्यात धरलंय का ते वाचून घ्या. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

शेवटच्या संध्याकाळी नावोना चौकात बसलो होतो. उत्तरेकडच्या कारंज्यात नेपच्यून ऑक्टोपसशी झुंजतोय. हा कुठला देव, म्हणून आईने विचारलं. समुद्राचा, म्हटलं, ग्रीक लोक याला पोसायडन म्हणतात. आई कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, दरवर्षी मुलांना टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे, रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली. आई एकदम ताठ बसली. "अगं, हा आपल्या टाउन हॉलातला!" मग काठी टेकत कारंज्याला एक पूर्ण फेरी मारून आली, आणि मुलांना सांगायची तसं सगळं मला पहिल्यापासून सांगितलं.