घरामागचा स्विमिंग पूल दोन पावसाळे बंद, पाणी हिरवंगार. सगळं उपसून नवं भरू का?

नका उपसू. बाकीचं नंतर वाचा, आधी उपसायचा पंप बंद ठेवा.

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पर्वरीला घर आहे, पूल आठ बाय चार मीटरचा, तळ दिसत नाही आणि चवथीला मुलं येणार म्हणून आत्ता जुलैत रिकामा करून घासून घ्यायचाय. अगदी हेच, ह्याच महिन्यात, आमच्या शिवोलीच्या घरी २०१७ ला झालंय, म्हणून एवढं लिहायला बसलो.

काकांनी मस्कतहून परत आल्यावर परसात पूल बांधला होता. ते गेले आणि तो तसाच पडला, माडाची चुडतं पडून कुजायची, शेवाळ, बेडूक, वास. माझं म्हणणं होतं फिल्टर सुरू करू आणि आहे तेच पाणी साफ करू. दादाचं म्हणणं, घाण पाण्यावर पैसे कशाला घालायचे, काढून टाक, ॲसिडने घास, नवं भर, दोन दिवसांचं काम. त्याआधी त्याने पोफळींच्या फवारणीला आणलेला मोरचूदही ओतून झाला होता, त्याने शेवाळ थोडं मेलं पण पांढऱ्या टाइल्सवर निळसर डाग बसले. मोरचूद पोफळीच्या कोळेरोगावर (सुपाऱ्या सडून गळतात तो) वापरायचा, पूलमध्ये नाही.

शेवटी घरात दादाचाच शब्द चालतो. पंप रात्रभर चालला, सकाळी पूल रिकामा. तिसऱ्या दिवशी मी ब्रश घेऊन खाली उतरलो तर उथळ बाजूला पाय ठेवला की ढब ढब आवाज. खाली वाकून बघितलं तर टाइल्सच्या सांध्यांतून लाल पाणी झिरपत होतं, चिऱ्याच्या मातीचं असतं तसं. मी ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून धरली, तळ मधोमध चार बोटं वर आलेला. संध्याकाळपर्यंत आडवी चीर गेली.

कारण काय, तर पावसात जमीन पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी पूलला खालून वर ढकलत असतं. बाहेरचं पाणी तळापेक्षा एक मीटर वर असलं तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ एक टनाचा जोर. आतलं पाणी तो जोर दाबून धरतं, ते काढलं की संपलं. आणि आमची विहीर पूलपासून वीस पावलांवर, त्या आठवड्यात वाकलं तर हाताला पाणी लागत होतं. दादाने तिथेच पाय धुतले होते! तो आजपण म्हणतो टाइल्सवाल्याने काम कच्चं केलं. टाइल्स कच्च्या असत्या तर टाइल्स निघाल्या असत्या, खालचं काँक्रीट कसं उचललं जाईल?

दुरुस्ती झाली, मग २०२० आणि २१ चे पावसाळे परत कोणी आलं नाही आणि पूल परत हिरवा. त्यावेळी मी कोणाला विचारलं नाही. मोटर दोन वर्षं बंद होती म्हणून आधी शाफ्ट हाताने फिरवून मोकळा केला. जाळीने तळातला सगळा पाला काढला, दीड दिवस गेला, पण पाला आत ठेवून क्लोरीन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. मग पीएच ७.२ वर आणला, कारण पीएच ८ च्या वर असला तर क्लोरीन असून नसल्यासारखं. मग दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्केवालं, बादलीत विरघळवून रोज संध्याकाळी, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतं. तुमचा पूल सरासरी १.४ मीटर खोल धरला तर ४५,००० लिटर झाले, त्यात क्लोरीन १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) वाढवायला साधारण ७०० ग्रॅम लागेल. एकदा टाकून थांबायचं नाही, सकाळी टेस्ट किटमध्ये क्लोरीन उतरलेलं दिसलं की संध्याकाळी परत. भिंती रोज घासायच्या, फिल्टर चोवीस तास, आणि गेजवर प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय चढलं की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून वाळू धुवायची.

दुसऱ्या दिवशी हिरवं जाऊन दुधाळ राखाडी झालं. इथेच लोक घाबरतात आणि पंप मागवतात. ते मेलेलं शेवाळ असतं, फिल्टरला वेळ द्या. मी मध्येच विहिरीचं पाणी भरलं तर सगळं चहासारखं तांबडं, आमच्या पाण्यात लोह आहे आणि क्लोरीन लागलं की ते रंग दाखवतं, तेही फिल्टरने ओढलं, फक्त बॅकवॉश जास्त लागले. आठव्या दिवशी खोल बाजूला एक रुपयाचं नाणं टाकलं, काठावर उभं राहून छापा की काटा वाचता आला. दादाला बोलावून दाखवलं, तो काही बोलला नाही.

आता पाऊस आहे तर पाणी काठाला आलं की वरचं तेवढंच सोडा, आणि पावसाने क्लोरीन पातळ होतं म्हणून टेस्ट रोज करा. क्लोरीनच्या गोळ्या (टीसीसीए) आणि हे दाणेदार कधीही एका डब्यात, एका मापानेसुद्धा एकत्र करू नका, आग लागते, स्फोट होतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. तळ स्पष्ट दिसेपर्यंत मुलांना आत सोडू नका, बुडालेलं माणूस गढूळ पाण्यात दिसत नाही.

खर्चाचं नक्की सांगता येत नाही, फिल्टरची वाळू बदलायची की नाही त्यावर आहे. पण उपसून भरायचं म्हटलं तर दहा हजार लिटरचे साडेचार टँकर लागतात, एवढं धरून ठेवा.

कधीच उपसू नये असंही नाही. वर्षानुवर्षं गोळ्या टाकून स्टॅबिलायझर (गोळ्यांतून पाण्यात साठत जाणारं रसायन) फार वाढलं असलं तर थोडं पाणी बदलावंच लागतं, ते एप्रिल-मे मध्ये, आणि त्याआधी विहिरीत डोकावून. विहिरीचं पाणी पूलच्या तळाच्या वर असेल तर हात लावायचा नाही. तुमचा पूल काँक्रीटचा की फायबरचा ते लिहिलं नाहीत, फायबरचा असेल तर तो वजनाला हलका, आमच्यापेक्षा लवकर उचलला जाईल.