चार स्पीकरवर ब्लूज ऐकायचंय?
आधी क्वाड, म्हणजे चार स्पीकरसाठीच्या, रेकॉर्डच्या कव्हरवर काय छापलंय ते बघ. एसक्यू किंवा क्यूएस (चार आवाज दोन वाहिन्यांत मिसळायच्या पद्धती) असेल तर साधी सुई चालते, फक्त ते पुन्हा वेगळे करणारा त्याच पद्धतीचा डीकोडर हवा. सीडी-4 (ही कॉम्पॅक्ट डिस्क नव्हे, क्वाड रेकॉर्डचीच आणखी एक पद्धत) निघाली तर मात्र खिसा सैल कर. तिच्यात पुढचा-मागचा आवाज वेगळा करणारी माहिती 30 किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर असते, ती उचलायला शिबाता नावाच्या खास घडणीची सुई लागते. आधीच्या मालकाने जाड सुईने खाचा झिजवल्या असतील तर नुसती खरखर ऐकू येईल.

ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं 1936-37चं ध्वनिमुद्रण मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, ते चारही बाजूंनी ऐकायचा हट्ट धरू नकोस. क्वाड शोभतं ते मल्टिट्रॅकवर (आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन) मुद्रित झालेल्या गाण्यांनाच. मागच्या स्पीकरचा आवाज जरा कमीच ठेव; हार्मोनिका पाठीमागून किंचाळली की माझं तरी गाण्यावरून लक्ष उडतं.