पप्पांचा फोन आला की तो उठून जातो

गोव्यातल्या फोंड्यात समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांनी हे वाक्य उच्चारलंय. "मॅडम, बाप तिथे रात्रपाळी करून फोन करतो आणि हा ताडकन उठून जातो. बापाला विसरला की काय?" नवरा ब्रिटनमध्ये, पोर्तुगीज पासपोर्टवर. मूल इथे, आई नि आजी-आजोबांजवळ.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. या पासपोर्टवर पूर्वी सरळ ब्रिटन गाठता येई. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये तर गोंयकारांची वस्तीच झाली. ब्रेक्झिटनंतर, ३१ डिसेंबर २०२० ला, ती वाट बंद झाली. आधी पोचलेल्यांना राहण्याची मुभा मिळाली. त्या तारखेआधी नातं असलेल्या बायकोमुलांना अजूनही नेता येतं, पण नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. आणि इथेच घोडं अडतं. आजोबांच्या जुन्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाचं, नातवाच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं.

डिचोली तालुक्यातल्या सहावीतल्या एका मुलाचं असंच झालं. त्याला ओम म्हणू; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाप २०१९ मध्ये गेला, गोदामात काम करतो. पहिला अर्ज स्पेलिंगवरून फेटाळला गेला, दुसरा भरलेला.

पहिल्या तीन भेटींत ओम अंगठ्याने फरशी टोकरत बसला. चौथ्या वेळी मी त्याचं दप्तर बघायला मागितलं. सगळ्या वह्यांना नीट तपकिरी कव्हरं, लेबलांवर सुरेख अक्षरात नाव. शाळेची ओळ मात्र प्रत्येक वहीवर कोरी.

"ही का सोडलीस?"

"शाळा बदलतली न्हय?"

"कधी?"

"कागद आले की." मग थोडं थांबून, "तिसरीपासून असंच लिहितो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सरांनी क्रिकेटच्या संघात घेतलं, तो नको म्हणाला. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आजोबा गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधायला हाक मारायचे, तो जायचा नाही. पुढच्या वर्षी आपण नसणारच, शिकून काय करायचं? मी विचारलं, "आणि पप्पांशी का नाही बोलत?"

"ते विचारतात, तयार आहेस ना यायला? मी हो म्हणतो. दर वेळी हो म्हणतो."

त्या संध्याकाळी मी बराच वेळ तशीच बसून होते. मुलगा बापाला विसरला नव्हता. तयार राहून राहून तो थकला होता. गोव्याला दूरदेशीचा बाप नवा नाही. बोटीवरच्या तारवटींची मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. बाप कित्येक महिने नसतो, तरी ती बहुधा तगतात, कारण कालनिर्णयवर परतीच्या महिन्याभोवती वर्तुळ असतं. मुलाचं घर तारखांवर उभं असतं, असं मी फार पूर्वीपासून मानत आले आहे. ओमने ते मला वहीवर दाखवलं.

पुढच्या भेटीत बापाला व्हिडिओवर घेतलं. त्याला आधीच सांगितलं होतं, यायचं विचारू नका, आहे ते सांगा. तो म्हणाला, "बाब, अर्ज परत भरलाय. कधी होईल ते मलाही ठाऊक नाही. तोवर तुझी शाळा तीच. चवथीला मी येतो, तिकीट काढलंय." ओम गप्प. मग एकदम, "तुमच्या गोदामात वास कसला येतो?" बाप हसला. "पुठ्ठ्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा."

या वर्षी ओम आजोबांबरोबर रानात माटोळीची कांगलां, म्हणजे रानफळं, आणायला गेला.

तुमच्या घरी असं चालू असेल तर मुलाला काय ठरलंय आणि काय ठरलेलं नाही, हे वेगवेगळं सांगा. एजंटचा शब्द मुलापर्यंत नेऊ नका. हातात पत्र आलं की मगच बोला. "येणार ना?" हा प्रश्न त्याला घालू नका, निर्णय मोठ्यांचा आहे. शिक्षकांनाही माझी विनंती आहे: "तू काय, जाणारच" म्हणून स्नेहसंमेलनातून त्याला वगळू नका. तो आज तुमच्या वर्गात आहे. आणि नव्याने निघणाऱ्यांनी नियम आधी वाचावेत. ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीच्या कामावर (केअर वर्कर म्हणून) जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून बायकोमुलं नेता येईनाशी झाली आणि जुलै २०२५ मध्ये त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबली. मुलाला "लवकरच नेतो" म्हणण्याआधी हे ठाऊक हवं.

एक राहिलं. शेवटच्या भेटीला ओमची आजी आली होती. सगळे बाहेर गेल्यावर तिने दार लोटलं. "कागद येऊच नयेत असं मला वाटतं, मॅडम. हे पाप का?" मी नाही म्हटलं. आता दर गुरुवारी ती एकटी येते.