दोन वर्षांत विकायच्या गाडीत 38,000 चा स्टिरिओ?

तुमची 2017 ची हॅचबॅक दोन वर्षांत विकायची आहे. दुकानदार नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ, चार स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर 38,000 ला देतोय, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. रोखीने 35,500. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नको. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओचे गाडी विकताना जेमतेम काही पैसे मिळतात, त्यामुळे हा खर्च महिना जवळपास 1,600 रुपयांचा धरा. ‘नो-कॉस्ट’ही नावापुरतंच. रोखीची 2,500 ची सूट आधीच गेली. बँकेचा दर 16 टक्के असेल तर हप्त्यांत सुमारे 3,100 व्याज असतं. ते सूट म्हणून वळतं होतं, पण त्यावरचा 18 टक्के जीएसटी, साधारण 560 रुपये, तुमच्याच कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी निराळी.

खोक्यावरच्या ‘4×50 वॅट’ला भुलू नका. स्टिरिओच्या मागचा फ्यूज 10 अँपिअरचा असेल तर 14 व्होल्टला आत जाणारी वीजच 140 वॅट. 200 बाहेर पडणार कुठून? आरएमएस आकडा, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, विचारा. तो चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, 15 ते 20 वॅट असला तरी रोजच्या ऐकण्याला पुरतो.

मी 22,000 ची मर्यादा घालेन, तीही रोखीने. गावात सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचा, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (मोबाइल गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालणारा रिसीव्हर, म्हणजे स्टिरिओच, घ्या. नकाशे, गाणी मोबाइलच चालवतो, म्हणून कमी रॅमच्या स्वस्त अँड्रॉइडसारखा तो वर्षभरात रडत नाही. उरलेल्या पैशांत फक्त पुढच्या दारांचे स्पीकर बदलून कॉम्पोनंट (बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असलेले) बसवा. मागचे राहू द्यात, ड्रायव्हरला ते फारसे ऐकूही येत नाहीत.

मूळ वायरी कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे न कापता जोडायचा प्लग, मागा. बहुतेक स्टिरिओंत पिवळी वायर कायम बॅटरीवर असते, लाल चावीवर. घाईत दोन्ही बॅटरीवर जोडल्या की स्टिरिओ पूर्ण झोपत नाही आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. बसवून झाल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने करंट मोजायला लावा. 50 मिलिअँपिअरच्या वर असेल तर पैसे देऊ नका.

विम्यात नोंद केली नाही तर चोरीला गेलेल्या स्टिरिओचे पैसे मिळत नाहीत. नोंदीचा हप्ता साधारण किमतीच्या 4 टक्के, म्हणजे 22,000 वर 880 रुपये अधिक कर. गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तरच भरा.

आणि जुना स्टिरिओ दुकानात सोडू नका. विकताना तोच परत बसवा. नवा रिसीव्हर पुढच्या गाडीत जाईल, फ्रेम आणि कपलर तेवढे नवे लागतील. अर्थात त्या गाडीत वेगळा स्टिरिओ बसायला जागा आहे का, हे आधी पाहा.